मदतकेंद्र बंद करायची वेळ झाली, हे कुणी आणि कशावरून ठरवायचं?

कोरापान

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय जड आहे, सांभाळून घ्या.

एका मोठ्या दुर्घटनेनंतर उभ्या राहिलेल्या मदतकेंद्रात मी समन्वयाचं काम करते. कुठली दुर्घटना ते लिहीत नाही, ओळख पटेल असं कुठे बोलणार नाही हे तिथल्या लोकांना आम्ही कबूल केलंय. चौदा महिने झाले. सुरुवातीला रजिस्टरची पानं पुरायची नाहीत, आता एखाद्या दिवशी तीन ओळी भरतात. परवा देणगीदारांची बैठक झाली. पडद्यावर आलेख, रेघ डावीकडून उजवीकडे खाली घसरत गेलेली. एक गृहस्थ खूश होऊन म्हणाले, "म्हणजे लोक सावरले की! छान काम केलंत. आता गुंडाळायला हरकत नाही." मला तिथे उत्तर सुचलं नाही.

बैठकीहून परतले तर फाटकावरचे काका सहज म्हणाले, "ताई, ते निळ्या स्कूटरवाले आजपण येऊन गेले." कोण निळ्या स्कूटरवाले? तर एकजण दर आठ-दहा दिवसांनी येतात, समोरच्या झाडाखाली गाडी लावतात, हेल्मेट न काढता पंधरा-वीस मिनिटं बसतात आणि निघून जातात. सहा महिने चाललंय म्हणे. काकांनी सुरुवातीला हटकलं होतं, "आत या" म्हणाले होते. त्यांनी फक्त मान हलवली. आमच्या रजिस्टरमध्ये या माणसाची एक ओळ नाही.

तर प्रश्न असा. केंद्राची गरज संपली की नाही हे मोजायचं कसं? आणि संपली नसेल तर ते चालू ठेवायचं कशाच्या जोरावर? पुढची बैठक पाच आठवड्यांनी आहे. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. सहानुभूतीचे प्रतिसाद नकोत असं नाही, पण बैठकीत वापरता येईल असं काही मिळालं तर बरं.

अर्धविराम

तुमच्या रजिस्टरात दाराच्या आत आलेल्यांचीच नोंद होते. त्यामुळे ती रेघ केंद्राच्या वापराची आहे, गरजेची नाही. बैठकीत पहिलं वाक्य हेच टाका.

दाखल्यासाठी लंडन. ७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांत ५२ जणांचा बळी गेला. तिथे सार्वजनिक आरोग्यसेवा आहे, प्रत्येकाचा ठरलेला डॉक्टर आहे, त्यामुळे ज्याला त्रास होईल तो डॉक्टरकडे जाईल आणि डॉक्टर पुढे पाठवेल असं कुणालाही वाटलं असतं. तसं फारसं झालं नाही. डॉक्टरांमार्फत आलेले अगदी मोजके. उपचार ज्यांच्यापर्यंत पोचले त्यातले बहुतेक सापडले ते यंत्रणेने स्वतः याद्या जमवून, पत्रं पाठवून, प्रश्नावली भरून घेऊन शोधले म्हणून.

मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ ला संगीत कार्यक्रमात स्फोट झाला, २२ माणसं गेली. प्रेक्षक कुठून कुठून आलेले, रात्रीतून आपापल्या गावी परतलेले. केंद्र फक्त शहरात ठेवलं असतं तर त्यातले किती आले असते? म्हणून तिथे आरोग्यसेवेने एक हब काढलं आणि ठरावीक अंतराने ऑनलाइन प्रश्नावली पाठवत राहिले. एकदा "मी ठीक आहे" म्हणणाऱ्यालाही पुन्हा विचारलं.

तेव्हा भाजक आधी ठरवा. एकूण बाधित किती, त्यातल्या कितींशी तुमचा एकदा तरी संपर्क झाला, आणि झाला नाही ते कोण. "आज किती आले" हा आकडा त्यानंतर.

तिरकीरेघ

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका.

बहुसंख्य माणसं कुठल्याही समुपदेशनाशिवाय सावरतात. घरचे, मित्र, काम, वेळ यांनी. संशोधनही हेच सांगतं, माझं मत नाही. मग प्रत्येकाच्या मागे वर्षानुवर्षं प्रश्नावली घेऊन लागणं म्हणजे त्याला "तू पीडित आहेस" हे विसरूच न देणं नाही का? एकदा संस्था उभी राहिली की तिला स्वतःला जगायचं असतं. पगार असतात, जागा असते. गरज नसली तरी ती गरज शोधून काढते. देणगीदार गृहस्थांचं वाक्य उथळ असेल, पण केंद्र कधीतरी बंद व्हायला हवं हे खरंच आहे.

आणि तो स्कूटरवाला. कदाचित त्याला तेवढंच हवं असेल.

नदीकाठ

या क्षेत्रात काम करते म्हणून लिहिते. तिरकीरेघ, तुमचं निम्मं म्हणणं मान्य. बहुतेक लोक सावरतात. पण म्हणूनच मोजणी लागते, कारण न सावरणारे कपाळावर लिहून आणत नाहीत.

आपत्कालीन मनोसामाजिक मदतीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००७ ची आहेत, त्यात एक पिरॅमिड आहे. तळाला मूलभूत सेवा आणि सुरक्षितता: निवारा, कागदपत्रं, खरी माहिती. त्यावर कुटुंब आणि समाजाचे आधार. त्यावर प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्यांची मदत. अगदी टोकाला मानसोपचार. आपल्याकडे केंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टोकच येतं: बंद खोली, दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा. आणि मोजतातही तेवढंच. कोरापान, तुमच्या केंद्रात कुणी फॉर्म भरून घ्यायला, झेरॉक्स काढायला येतं का? ते कुठल्या रकान्यात जातं?

अति मदतीच्या धोक्याबद्दलही बोलायला हवं. एकेकाळी दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून "काय पाहिलंत ते सविस्तर सांगा" असं एकच सत्र घ्यायची पद्धत होती. चाचण्यांमध्ये त्याचा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटना आता त्याची शिफारस करत नाही. चांगल्या हेतूने केलेलं सगळंच चांगलं नसतं, हे आमच्या धंद्याला उशिरा कळलं. म्हणून मोजणीत "यामुळे कुणाला त्रास झाला का" हाही प्रश्न हवा. तो सहसा कुणी घालत नाही.

पाणवठा

वाचतोय. नदीकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला +१.

जुनीफाईल

पैशाची बाजू मी घेतो, आयुष्य त्यात गेलंय.

निधीचं घड्याळ आणि दुःखाचं घड्याळ वेगळं चालतं. अमेरिकेत आपत्तीनंतरच्या समुपदेशनासाठी संघराज्य सरकारचा कार्यक्रम आहे: तातडीचा टप्पा ६० दिवसांचा, पुढचा नियमित टप्पा साधारण ९ महिन्यांचा. म्हणजे वर्षश्राद्धाच्या आधीच खातं बंद व्हायची वेळ. त्याच देशात ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या बचावकर्मी आणि रहिवाशांसाठीचा आरोग्य कार्यक्रम बघा. त्याचा कायदा व्हायला २०११ उजाडलं, आणि २०१५ मध्ये त्याला मुदतवाढ मिळाली ती थेट २०९० पर्यंत. एकाच सरकारची ही दोन टोकं. मधे काय घडलं? आजारी बचावकर्मी वर्षानुवर्षं संसदेच्या पायऱ्या झिजवत राहिले, आणि त्यांच्या बाजूने वैद्यकीय नोंदी होत्या. नोंदी नसत्या तर नुसत्या आवाजाला कुणी विचारलं नसतं. तेव्हा रजिस्टर नीट ठेवा, कोरापान. आज कंटाळवाणं वाटेल.

दुसरा दाखला वेल्समधल्या एबरफानचा. २१ ऑक्टोबर १९६६, कोळशाच्या खाणीचा राडारोडा डोंगरावरून घसरून शाळेवर आला. १४४ मृत्यू, त्यात ११६ मुलं. जगभरातून साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास निधी जमला. मग सुरू झाला पात्रता ठरवायचा खेळ. पैसे देण्याआधी आईवडील आपल्या गेलेल्या मुलाच्या खरोखर किती जवळ होते याची खात्री करून घ्यावी, असा विचार धर्मादाय आयोगाकडून पुढे आला होता. परत वाचा हे वाक्य. एवढ्यावरच थांबलं नाही. उरलेले ढीग हटवायच्या खर्चात १९६८ मध्ये याच निधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ती रक्कम परत मिळाली १९९७ मध्ये, व्याजाशिवाय.

गरज मोजायची की पात्रता, हे दोन प्रश्न एका फॉर्मवर कधीही एकत्र आणू नका. माणूस दुसऱ्याचं उत्तर देताना पहिल्याचं खरं उत्तर देत नाही. नुकसानभरपाईचा फॉर्म भरणाऱ्याच टेबलावर "झोप लागते का" विचारलंत तर तो मनाशी हिशेब करणारच, 'हो' म्हटलं तर रक्कम कमी होईल का.

कोरापान

झेरॉक्सवरून आठवलं. एक बाई दर गुरुवारी यायच्या. एकाच कागदाच्या दोन प्रती काढायच्या. मृत्यूचा दाखला. पहिले काही आठवडे वाटलं, लागत असतील ठिकठिकाणी. मग आमच्या केंद्रात काम करणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं की त्या प्रती काढून होईपर्यंत शेजारच्या बाकावर बसलेल्यांशी बोलतात, आणि निघताना प्रती टेबलावरच विसरून जातात. अहवालात हे "कार्यालयीन साहाय्य" या सदरात गेलंय. तुमच्या पिरॅमिडात दुसरी पायरी, नदीकाठ. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) खर्च कमी करायचा म्हणून झेरॉक्स मशीनचा करार सगळ्यात आधी रद्द केला गेला. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

जुनीफाईल, आमच्याकडे पात्रता आणि गरज एकाच फॉर्मवर आहेत. चार पानी. उद्याच वेगळे करते.

पुढचा प्रश्न: गर्दी पुन्हा वाढते अशा वेळा आधी ओळखता येतात का? देणगीदारांना "कायम" हा शब्द चालत नाही. "अमुक वेळी लागेल" म्हटलं तर ऐकतात.

अर्धविराम

येतात. पंचांग काढल्यासारखं काढता येतं.

वर्षदिन हा सगळ्यांना ठाऊक असतो. खरा झटका तपास अहवालाचा, खटल्याचा, स्मारकाच्या वादाचा, आणि दुसरीकडे कुठे तशीच घटना घडली की तिच्या बातम्यांचा. ओक्लाहोमा सिटीत १९ एप्रिल १९९५ ला स्फोट झाला, १६८ माणसं गेली. खटला हलवला डेन्व्हरला, म्हणून बाधित कुटुंबांना आपल्याच शहरात बसून, फक्त त्यांच्यासाठी केलेल्या थेट प्रक्षेपणावर कामकाज पाहता यावं यासाठी वेगळा कायदा करावा लागला. खटला १९९७ मध्ये, मृत्युदंडाची अंमलबजावणी २००१ मध्ये. म्हणजे सहा वर्षांनीसुद्धा शेकडो माणसं एका सभागृहात एकत्र बसून तो दिवस पुन्हा जगत होती. हिल्सबरोचं तर विचारू नका. फुटबॉल मैदानावरची चेंगराचेंगरी १९८९ ची, आणि ते मृत्यू बेकायदेशीर कृतीमुळे झाले हा ज्यूरीचा निर्णय आला २०१६ मध्ये. सत्तावीस वर्षं. चौदा महिन्यांत कसलं गुंडाळताय?

नॉर्वेने याचं उलट करून पाहिलं. २२ जुलै २०११ च्या हल्ल्यांत ७७ बळी गेले, त्यातले ६९ उटोया बेटावर, बहुतेक तरुण मुलं. वाचलेली मुलं देशभरच्या गावांत परतली. तिथे सूचना अशी होती की प्रत्येक पालिकेने वाचलेल्याला एक ठरलेली संपर्क-व्यक्ती द्यावी, किमान वर्षभर, आणि तिनेच आपणहून फोन करावा. पाच-सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने चाचपणी. सगळीकडे सारखं जमलं नाही. काही पालिकांत माणसं बदलत राहिली, काही मुलांना वर्षानंतर कुणी विचारलं नाही. पण "तू ये" ऐवजी "आम्ही विचारू" ही दिशा बरोबर होती.

शेवटचीगाडी

मी बहुधा या धाग्यावर एकटाच दुसऱ्या बाजूचा. दुर्घटनेतून वाचलेला. कुठल्या ते सांगत नाही.

तिरकीरेघ म्हणतात तसं प्रश्नावलीचा वैताग येतो. मला पहिल्या वर्षात पाच वेगवेगळ्या संस्थांच्या माणसांनी तोच प्रसंग पहिल्यापासून सांगायला लावला. पाचव्या वेळी मी दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसा सपाट आवाजात सांगत होतो, आणि समोरच्या मुलीने टिपून घेतलं, "स्थिर." मला तो शब्द उलटा दिसत होता, पण वाचता आला.

वैताग प्रश्नांचा नव्हता. विचारून झाल्यावर काहीच व्हायचं नाही, त्याचा होता. आमच्यातल्या एकाने स्पष्ट लिहिलं होतं, रात्री झोप नाही, कामावर जाता येत नाही. त्याला परत फोन आला तो सात महिन्यांनी, दुसरी प्रश्नावली भरायला. मदत द्यायची तयारी नसेल तर विचारू नका. एवढं तरी पाळा.

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. एकाच नंबरवर एकच माणूस. तो दर महिन्याला फोन करायचा, दोन मिनिटं. मी कधी उचलायचो, कधी नाही. नाही उचलला तर एक ओळीचा मेसेज, "ठीक. पुढच्या महिन्यात करतो." मी अठरा महिने त्याला काही सांगितलं नाही. एकोणिसाव्या महिन्यात सांगितलं. त्यांचं केंद्र चौदाव्या महिन्यात बंद झालं असतं तर मी "न वापरणारा" म्हणूनच मोजला गेलो असतो.

तिरकीरेघ

शेवटचीगाडी, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. "संस्था गरज शोधून काढते" हे वाक्य मागे घेतो. केंद्राची इमारत आणि केंद्राचा फोन नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग इमारत सोडा की. भाडं वाचेल, नंबर ठेवा.

रानजाई

इमारत सोडताना घाई नको. झेरॉक्सच्या बाईंना फोन नंबरचा काय उपयोग?

मला वेगळंच म्हणायचंय. मोजणारा कोण, यावर कुणीच बोललं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात गावातल्याच बायकांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं होतं, स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने. मुख्य काम घरदुरुस्तीचं आणि सरकारची माहिती घरोघरी पोचवायचं. पण जी बाई विटा-सिमेंटसाठी दारात येते तिला आत काय चाललंय तेही दिसतं. बाहेरून आलेल्या सर्वेक्षकाला उंबरठा दिसतो. पुढे २००१ च्या गुजरात भूकंपानंतर यातल्या बायकांचा अनुभव तिकडेही उपयोगी पडला.

तुमच्याकडे फाटकावरचे काका आहेत. त्यांना बैठकीत बोलावलं का कधी?

नदीकाठ

रानजाई, अगदी. त्याला जोडून टिकण्याबद्दल. वेगळं केंद्र कायम चालत नाही, हे तिरकीरेघ यांचं बरोबर आहे. टिकतं ते आधीपासून असलेल्या व्यवस्थेत मिसळलेलं काम. भोपाळला १९८४ नंतर मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नव्हतेच, म्हणून निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या दवाखान्यांमधल्या साध्या डॉक्टरांना मानसिक त्रास ओळखायला आणि प्राथमिक उपचार करायला शिकवलं. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मनोसामाजिक मदतीवरची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, तीही याच दिशेने जातात. तेव्हा बंद करायचं तर आधी हस्तांतर करा. जवळच्या दवाखान्यातला एक डॉक्टर, शाळेतली एक शिक्षिका, वकिलांपैकी एकजण. नावानिशी. "संबंधित विभागाकडे वर्ग" असं लिहिलंत की संपलं.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. पहिली संमती. "पुढे तुमच्याशी संपर्क साधला तर चालेल का, कोणी, कसा" हे आजच लिहून घ्या. नाहीतर केंद्र बंद झाल्यावर तुमची बाधितांची यादी कुणाला कायद्याने वापरता येणार नाही, आणि मग पाचव्या वर्षी खटला उभा राहिला की सगळे शून्यापासून. दुसरी तुमचे स्वतःचे लोक. कोरापान, चौदा महिन्यांत तुम्ही स्वतः सलग किती दिवस सुट्टी घेतलीत?

कोरापान

सुट्टीचं उत्तर टाळते.

काल बैठक झाली. आलेख तोच नेला, शेजारी दुसरा ठेवला: एकूण कुटुंबं, संपर्क झालेली, न झालेली. न झालेल्यांचा रकाना पाहून खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शेवटचीगाडी यांची परवानगी घेऊन (व्यक्तिगत निरोप पाठवला होता) एकोणिसाव्या महिन्याची गोष्ट नाव न घेता सांगितली. काकांना बोलावलं होतं. ते आधी बसायलाच तयार नव्हते, मग भिंतीला टेकून उभ्या उभ्या बोलले. त्यांच्याकडे एक वही निघाली. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायची, सुरक्षेसाठी. त्यातून आत न आलेल्या पण परत परत आलेल्या गाड्या मोजल्या तर अकरा निघाल्या. नंबर खोडून वही माझ्याकडे घेतलीय.

मिळालं ते असं: मोठी जागा सहा महिन्यांनी सोडायची, एक खोली ठेवायची, फोन आणि दोन माणसं तीन वर्षं. खटल्याच्या तारखा लागतील तेव्हा वाढीव माणसं, त्याची तरतूद वेगळी. झेरॉक्स मशीन परत. यावर सर्वांत जास्त वाद झाला, विश्वास बसणार नाही. त्या बाईंकडे उद्या आमची मुलगी जाणार आहे, मशीन आलं एवढंच सांगायला.

स्कूटरवाल्यांसाठी मी झाडाखाली एक बाक ठेवायला सांगितला होता. काका म्हणाले, "बाक नको, ताई. बाक ठेवलात तर ते यायचे बंद होतील." आज सकाळी बाक परत आत घेतला.